समोरून मारणारं प्यादं

प्रज्ञानं घरात नवी वाईन आणली आणि त्या दिवसापासून तिच्या वडिलांचं प्यादं माघारी जायला लागलं.

हे वाक्य असंच सोडून दिलं तर भिंगारच्या बाजारात त्याच्या चार कहाण्या होतील, म्हणून आधी खुलासा केलेला बरा. ही वाईन बाटलीतली नव्हे. रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात ती येईल कशाला? कॉम्प्युटरवर लिनक्स असेल आणि विंडोजसाठी केलेला प्रोग्रॅम त्याच्यावर चालवायचा असेल तर मधे एक दुभाषा लागतो. विंडोजचा प्रोग्रॅम काहीतरी मागतो, दुभाषा ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो, उत्तर आणून देतो. त्या दुभाष्याचं नाव हौशी लोकांनी वाईन ठेवलं, त्याला आपण काय करणार. प्यादं मात्र बुद्धिबळातलंच होतं.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. प्रज्ञा भिंगारच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासनं जुनी मशीनं काढली तेव्हा त्यातलं एक तिनं घरी आणलं होतं. एप्रिलात एका व्हायरसनं जगभरातल्या कॉम्प्युटरांची वाट लावली, त्यात तेही गेलं. विंडोजची धड सीडी कुणाकडे नव्हती. मग क्लासमध्ये तिच्याबरोबर शिकवणाऱ्या हर्षलनं एका मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी तिच्या हातात ठेवली. "घालून बघ. मेलेल्याला आणखी काय होणार?" तिनं घातली आणि मशीन उठून बसलं. प्रज्ञाला लिनक्स फार आवडलं. त्यात काही बिघडलं तर का बिघडलं ते खणून काढता यायचं, आणि खणून काढणं ही तिची जुनी खोड होती. तिच्या आईनं, पुष्पावतीनं, घरातल्या मिक्सरला तिचा हात लागू द्यायचं कधीच बंद केलं होतं.

तिच्या वडिलांना, तात्यांना, लिनक्सचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांना त्यांचा सोबती पाहिजे होता.

सोबती हा विंडोजवरचा प्रोग्रॅम, त्या मासिकाच्या पुढच्या एका सीडीवर आलेला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, तात्यांनी ते बाजूला ठेवून त्याचं बारसं केलं. बुद्धिबळाचा खेळ एका खिडकीत आपल्या खेळ्यांचा विचार करत बसायचा. सोबती शेजारच्या खिडकीत पट मांडायचा, दोन्हीकडच्या खेळ्या टिपायचा, आणि डाव संपला की माणसाला दर्जा द्यायचा. सुरुवातीला त्यानं तात्यांना 'बिगिनर' म्हटलं होतं. प्रज्ञानं तो पहिल्यापासून वाईनच्या मदतीनं लिनक्सवरच चालवला, आणि दिवाळीपर्यंत तात्या 'एक्स्पर्ट' झाले. हा शब्द त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितला होता, दूधवाल्यासकट.

तात्यांचं नाव सोपान. जन्म पाथर्डी तालुक्यातला, सगळी नोकरी लष्कराच्या भांडारात. नटबोल्टांच्या पेट्या, पट्टे, वायसर यांच्यात आयुष्य गेलं. भांडारातले लोक जेवणाच्या सुट्टीत पत्ते कुटायचे नाहीतर कॅरम बडवायचे, बुद्धिबळ कुणाला ठाऊक नव्हतं. तात्या खेळले ते लहानपणी थोरल्या भावाशी, गहिनीनाथशी, आणि पुढे प्रज्ञाशी. साठी आली तरी परक्या माणसासमोर ते कधी पटावर बसले नव्हते. आपल्याला खरंच खेळता येतं का, हे सांगायला बाहेरचं कुणी भेटलंच नव्हतं. मशीननं ते सांगितलं आणि त्यांच्या अंगात बळ आलं. निवृत्त शिक्षक रंगनाथ सर दर डिसेंबरात वाचनालयाच्या हॉलमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवायचे. यंदा तात्यांनी स्वतः जाऊन नाव दिलं. घरी येऊन त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला, स्पर्धेला अजून दोन आठवडे होते तरी.

आणि नेमकं त्याच सुमाराला प्रज्ञाला मासिकाच्या ताज्या सीडीवर वाईनची नवी आवृत्ती दिसली. चालत्या गाड्याला हात लावू नये, हे शहाणपण जगात सगळ्यांना असतं, फक्त कॉम्प्युटरवाल्यांना नसतं. तिनं ती टाकली.

स्पर्धा रविवारी होती. त्याआधीच्या सोमवारी ती क्लासवरून आली तेव्हा तात्या मशीनसमोर हात बांधून बसले होते.

"तुजं ते नवं टाकल्यापासनं प्यादं माघारी जातंय," ते म्हणाले.

"कसं माघारी जातंय?"

"मी पुढं सारतो, ते मागं येतं. बग तूच."

आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "नाचता येईना, अंगन वाकडं."

तात्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी एक प्यादं उचललं आणि त्याच्या अगदी समोरच्या घरातल्या काळ्या उंटावर नेऊन ठेवलं. पडद्याच्या मधोमध एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात अक्षरं नव्हती, नुसत्या रिकाम्या चौकटी ओळीनं बसलेल्या. खाली दोन बटणं, त्यांच्यावरही चौकटीच. तात्यांनी एंटर दाबलं. खिडकी गेली, उंट जागच्या जागी राहिला आणि प्यादं परत आपल्या घरात.

"कुठली खेळी होती ही?" तिनं विचारलं.

"आपली नेहमीची. समोरनं मारायची."

त्यांच्या घरचा नियम असा होता की प्यादं एरवी तिरकं मारतं, पण डावात एकदा, कुठलंही एक प्यादं आपल्या समोरच्या मोहऱ्याला सरळ मारू शकतं. आपल्याला हवं तेव्हा, फक्त एकदा. ही चाल कधी खर्च करायची यातच तात्यांची सगळी हुशारी होती. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना बुद्धिबळ येतं ते इथं हसले असतील. त्यांनी थोडं दमानं घ्यावं, कारण प्रज्ञाला यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. घोडा अडीच घरं जातो तसं प्यादं एकदा समोरून मारतं. वडिलांनी शिकवलेलं पहिलं बुद्धिबळ ते तेच होतं, आणि दुसरं कुणाकडून ती शिकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं हर्षलला सांगितलं. तेव्हा जगात काहीही बिघडलं तरी एकच निदान होतं, दोन हजार साल लागताना कॉम्प्युटरांच्या तारखांचा होणारा घोळ, आणि तेच त्यानं केलं. "वायटूके असेल."

"ते एक जानेवारीला आहे."

"आधीपासून सुरू झालं असेल." त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही.

घरी तिनं आधी माऊस उघडून साफ केला. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन. मग शहाण्या माणसानं पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. त्या खिडकीत एंटर न दाबता एकेक बटण दाबून पाहिलं. उजवं दाबलं की प्यादं माघारी. डावं दाबलं आणि प्यादं समोरच्या उंटावर जाऊन बसलं, उंट पटाबाहेर.

"हां," तात्या म्हणाले. "मंग डावं दाबीन. झालं काम."

त्यांचं काम झालं. प्रज्ञाचं सुरू झालं. दोन बटणं आहेत, एक करू देतं, दुसरं करू देत नाही. म्हणजे ही काही बिघाडाची खिडकी नव्हती. सोबती काहीतरी विचारत होता. आणि तो फक्त याच खेळीला का विचारत होता? घोडा हलवला, हत्ती हलवला, राजाला शह दिला, चकार शब्द नाही. प्यादं समोरून मारलं की लगेच चौकटींची रांग. तिनं चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. भाकरी खाताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. आईनं दोनदा विचारलं की आमटी अजून पाहिजे का, तिनं दोन्ही वेळा व्हय म्हणून नंतर वाटी तशीच ठेवली.

चौकटींचं कारण सोपं निघालं. त्या खिडकीला विंडोजच्या वळणाची अक्षरं हवी होती, ती लिनक्सकडे नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी तो एक रिकामी चौकट मांडत होता. क्लासमधल्या विंडोजच्या मशीनवरून तिनं अक्षरांच्या फायली फ्लॉपीवर घेतल्या. पहिली फ्लॉपी घरी आल्यावर वाचली जाईना, फ्लॉपीच्या जातीला जागून. दुसरी वाचली गेली. फायली कुठे ठेवायच्या आणि लिनक्सला त्या कशा दाखवायच्या हे शोधण्यात गुरुवारची सकाळ गेली. मग तिनं सोबती उघडला, एक प्यादं समोरच्या घोड्यावर नेलं, आणि चौकटींच्या जागी स्वच्छ इंग्रजी अक्षरं आली. अर्थ असा होता: प्यादं समोरच्या घरातला मोहरा मारू शकत नाही. तरीही ही खेळी मान्य करायची? खाली डावीकडे होय, उजवीकडे नाही.

प्रज्ञाला हसू आलं. एवढा विलायती प्रोग्रॅम, आणि त्याला साधा नियम माहीत नाही. हेच हसू घेऊन ती क्लासवर गेली.

"त्या सोबतीला बुद्धिबळ येत नाही," तिनं हर्षलला सांगितलं. "म्हणतो प्यादं समोरून मारत नाही."

हर्षल खडूची पूड झटकत होता. "मग बरोबर म्हणतो."

"डावात एकदा मारतं ना."

"एकदाही नाही, प्रज्ञा."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. हर्षल राहात्याचा, शाळेकडून तालुक्याला बुद्धिबळ खेळून आलेला. "आमचे आजोबा राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारू द्यायचे," तो म्हणाला. "तो जुना देशी नियम आहे, म्हातारी माणसं अजून खेळतात. पण प्यादं समोरून? हे मी कुठंच ऐकलेलं नाही. कुणी शिकवलं तुला?"

तिच्या मनात दुसराच प्रश्न येऊन उभा राहिला होता. हा नियम खोटा असेल, आणि सोबतीला तो खोटा आहे हे पहिल्यापासून माहीत असेल, तर मग इतके महिने तो गप्प का होता?

दुपारी तिचा तास नव्हता. ती घरी आली, तात्या कँटोन्मेंटच्या ऑफिसात पेन्शनच्या कामाला गेले होते. तिनं जुनी वाईन पुन्हा टाकली आणि तिला बडबडीवर लावलं. म्हणजे असं की दुभाषा दोन्हीकडे काय काय बोलतो ते सगळं ओळीओळीनं काळ्या खिडकीत छापायला लावलं. मग तिनं प्यादं समोरून मारलं. पटावर काही झालं नाही, प्यादं निमूट पुढे गेलं, पहिल्यासारखं. पण काळ्या खिडकीतून ओळी धावल्या. तिनं त्या थांबवून वर नेल्या आणि बोटानं वाचत आली. एका ओळीत सोबतीचा प्रश्न होता, तोच, शब्दन् शब्द. पुढच्या ओळीत जुन्या वाईननं लिहिलं होतं की अशी खिडकी काढणं मला अजून येत नाही. आणि त्याच्या पुढच्या ओळीत उत्तर होतं. होय.

सोबती रोज विचारत होता. प्रत्येक डावात विचारत होता. प्रश्न तात्यांपर्यंत पोचतच नव्हता, दुभाषा वाटेतच मान डोलावून मोकळा होत होता. समोरचा खेळ बिचारा खऱ्या नियमांनी खेळत होता. त्याला स्वप्नातही वाटत नसणार की हे प्यादं सरळ अंगावर येईल. म्हणून तो हरत होता, आणि म्हणून तात्या एक्स्पर्ट होते.

तिला एवढं वाईट वाटलं की तिनं मशीन तसंच चालू ठेवून स्वयंपाकघर गाठलं आणि आईला सगळं सांगितलं. पुष्पावतीला बुद्धिबळातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं. ती पीठ मळायची थांबली.

"सांगू नगंस," ती म्हणाली. "साठीच्या मानसाला आता सांगून काय मिळवनार? डावं बटन दाबतेत ना, दाबू दे."

"रविवारी तिथं डावं बटण नसणार, आई. समोर माणूस असणार. आणि भोवती पन्नास."

"मंग जाऊच नगा म्हनावं. थंडी हाय म्हनावं."

"शर्टाला इस्त्री झालीय."

इतक्या वर्षांच्या संसारात तो माणूस पहिल्यांदाच कशासाठी तरी असा स्वतःहून नाव द्यायला गेला होता, हे पुष्पावतीनंही पाहिलं होतं. "तुला खनायची लई हौस," ती शेवटी म्हणाली आणि पिठाकडे वळली.

ते खरंच होतं. डाव्या बटणावर गोष्ट मिटली होती, ती उकरली प्रज्ञानं. तिला क्षणभर वाटलं की नवी वाईन काढून टाकावी, जुनीच राहू द्यावी, तोंड मिटून. पण मग त्या काळ्या खिडकीतलं होय दुभाष्याचं राहणार नव्हतं, तिचं होणार होतं. तिनं नवी वाईन परत टाकली.

तात्या संध्याकाळी आले, चहा घेतला, मशीनसमोर बसले. ती शेजारी स्टूल ओढून बसली.

"तात्या, त्या चौकटींत काय लिहिलंय ते मला कळलं."

"काय?"

तिनं त्यांना प्यादं समोरून मारायला सांगितलं आणि खिडकी उघडल्यावर वाचून, मराठीत करून सांगितलं. मग हर्षल काय म्हणाला ते सांगितलं. मग जुन्या वाईनचं सांगितलं. सगळं एका दमात, कारण मधे थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

तात्या रागावतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्चीत पुढे सरकले. भांडारात चुकीच्या मापाचा नट आला की ते असेच पुढे सरकत असणार.

"मंग आधी हो कोन म्हनत हुतं?"

"कुणीच नाही. प्रश्न दाखवता येत नव्हता म्हणून वाईन आपोआप हो म्हणायची."

"प्रत्येक बारीला?"

"हो."

"आन् मशीन सोता? त्यानं समोरनं कदी मारलं न्हाई. मी म्हनायचो, एवढं मोठं मशीन आन् ही चाल सुचत न्हाई त्याला."

"त्याला नियम माहीत होता, तात्या."

त्यांनी पटाकडे पाहिलं. खिडकी अजून उघडीच होती, प्रश्न विचारत. प्रज्ञा वाट बघत होती की आता उठतील, किंवा काहीतरी बोलून तिला उठवतील. पण ते मनानं तिथे नव्हतेच.

"दादाबी मारत न्हवता," ते म्हणाले.

"काय?"

"गहिनीदादा. त्यो कदी समोरनं मारत न्हवता. मीच मारायचो. एवढ्या वर्सांत माज्या ध्यानातच आलं न्हाई." त्यांनी माऊस बाजूला सारला. "आई-बाप ऊसतोडीला जायचे. आमी दोघं कोपीवर, पाचटाच्या खोपटात. दादाला कारखान्याच्या वॉचमननं ह्यो खेळ शिकवलेला. भुईवर कोळशानं पट काढायचा, खडे आन् कणसाचे तुकडे मांडायचा. मी लई लहान. हरलो का रडायचो आन् रडत रडत फडात आईकडं पळायचो. तिथं कोयते चाललेले, गाड्या भरत्यात. आईनं दादाला सांगितलं हुतं, याला फडात येऊ देऊ नगं."

प्रज्ञाला कळायला लागलं होतं. तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मंग त्यानं ही चाल काढली. म्हनला, सोपान, तुजं प्यादं एकदा समोरनं मारतं. म्या म्हनलं, तुजं? त्यो म्हनला, माजंबी मारतं, पन मला सुचत न्हाई." तात्यांनी हाताचा पंजा गुडघ्यावर ठेवला. "लिंबूटिंबू घेतला हुता मला."

ज्या गल्लीत लहान-मोठी पोरं एकत्र खेळतात तिथं लिंबूटिंबू असतोच. सगळ्यात धाकटा, ज्याला खेळात घ्यावंच लागतं, पण ज्याच्यावर राज्य येत नाही आणि ज्याला कुणी आऊट करत नाही. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, त्याला वाटतं आपण खेळतोय. बाकीच्यांना माहीत असतं. सहसा दोन-तीन वर्षांत तोही मोठा होतो आणि कुणीतरी एक दिवस त्याला सांगतं, आता तू पक्का. तात्यांना हे सांगायचं राहून गेलं होतं. पुढच्या हंगामात गहिनीनाथच्या हातात कोयता आला आणि पट काढायला वेळ उरला नाही.

"मंग ह्या मशीननंबी तेच केलं म्हनायचं," तात्या म्हणाले, आणि हसले. ते हसणं प्रज्ञाला फार जड गेलं.

"रंगनाथ सरांना मी सांगून येते, नाव काढा म्हणून."

"का?"

"नाही, म्हणजे..."

"नाव ऱ्हाऊ दे. ते एक्स्पर्ट का काय तेवढं पुसून टाक."

तिनं पुसलं. सोबतीनं त्यांना पुन्हा बिगिनर म्हटलं. तात्यांनी नवा डाव मांडला आणि चांगला हरले. शुक्रवारी हरले, शनिवारी हरले. सवयीनं बोट समोरच्या घरात जायचं, खिडकी उघडायची, आणि ते माऊस उजव्या बटणावर नेऊन स्वतः 'नाही' दाबायचे. प्रज्ञा म्हणाली, हा प्रश्नच येऊ नये अशी सोय करता येते का बघते. ते म्हणाले, "नगं. इचारू दे त्याला." शनिवारी संध्याकाळी खिडकी एकदाच उघडली.

रविवारी हॉलमध्ये सतरंज्यांवर पट मांडले होते. तात्यांची गाठ श्रीमंत नावाच्या माणसाशी पडली. बाजारात वह्या-पेनांचं दुकान असलेला, पन्नाशीचा, भला माणूस. त्यानं विचारलं, "काका, किती वर्षं खेळता?" तात्या म्हणाले, "दोन दिस झाले." श्रीमंतला तो विनोद वाटला. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती.

तात्या सावकाश खेळले, वाईट खेळले नाहीत. मधे एकदा त्यांचं प्यादं आणि श्रीमंतचा हत्ती समोरासमोर आले. प्रज्ञाला ते तात्यांच्या आधी दिसलं. तात्यांचा हात पुढे गेला, प्याद्याच्या वर थांबला, आणि त्याला न शिवता मागे आला. त्यांनी बराच विचार करून वजीर हलवला. हलवून हात काढला, आणि तेव्हा कुठे त्यांना दिसलं की तो वजीर श्रीमंतच्या घोड्याच्या तोंडात गेलाय.

श्रीमंतनंही ते पाहिलं. त्यानं घोड्याला हात लावला नाही. आजूबाजूला बघितलं, थोडं वाकून हळूच म्हणाला, "काका, परत घ्या. पहिलीच वेळ आहे तुमची, चालतं."

"न्हाई," तात्या म्हणाले. "हात काढला ना मी. तुमी मारा."

"अहो, मैत्रीतलं आहे..."

"मारा तुमी."

श्रीमंतनं वजीर मारला. त्यानंतर डाव फार चालला नाही. मात झाल्यावर तात्यांनी पटाकडे नीट पाहिलं, कुठून कुठून कोंडी झाली ते बोटानं मोजलं, मग श्रीमंतचा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या वर्षीची स्पर्धा कधी, हे त्यांनी रंगनाथ सरांना विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर तात्या बाजाराच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे वळले. गावात किराणा दुकानात फोन होता. तिथे सांगितलं की गहिनीनाथला बोलवा, मी परत लावतो. थोरले चुलते आता थकले होते, पोरं कारखान्यावर गेली की घरीच असत. तात्या बूथच्या बाहेर पांढऱ्या शर्टात उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. मग त्यांनी परत फोन लावला आणि काचेचं दार ओढून घेतलं, पण दार नीट लागत नव्हतं.

"दादा, मी सोपान," ते मोठ्यानं म्हणाले. "समदे बरे हायेत. न्हाई, काम काय न्हाई. आज सामन्याला गेल्तो. व्हय, बुद्धिबळाच्या. हरलो."

पलीकडून काहीतरी विचारलेलं ते ऐकत राहिले. प्रज्ञानं दुसरीकडे बघितलं.

"न्हाई, दादा," ते म्हणाले. "रडलो न्हाई."